घाटात, शिवारात, तंबूत: कमी पैशांतला पोर्टेबल रेडिओ (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी आणि हल्याळ-जोयडा या पट्ट्यात रेडिओ घेणाऱ्यांना पडणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सपाटीवरच्या शहरासाठी दिलेला सल्ला आपल्याकडे अर्धाच लागू पडतो. आपल्या एका बाजूला सह्याद्री आहे, दुसऱ्या बाजूला मोकळं पठार आहे आणि ऐकायची केंद्रं तीन राज्यांत विखुरलेली आहेत.

रेडिओ घेताना सगळ्यांत आधी काय बघायचं?

त्यावर मध्यम लहरी, म्हणजे एमडब्ल्यू किंवा एएम, आहेत का ते. बाजारात सध्या सर्वांत जास्त खपणारे, पेनड्राइव्ह आणि मेमरी कार्ड लागणारे छोटे संच बहुतेक फक्त एफएमचे असतात. डब्यावर 'रेडिओ' लिहिलेलं असतं, आत एकच बँड असतो. बेळगाव शहरात ते चालून जातं. जांबोटी ओलांडून चोर्ल्याच्या बाजूला उतरलात की एफएमचा आवाज तुटायला लागतो आणि दरीत तर तो पूर्ण जातो.

एफएमची लहर साधारण नजरेच्या रेषेत जाते. मनोऱ्याची उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा आणि ४.१ ने गुणा. सपाट जमिनीवर तेवढे किलोमीटर पल्ला धरायचा. म्हणजे १०० मीटरच्या मनोऱ्याला ४१ किलोमीटर. तुम्ही स्वतः राजहंसगडासारख्या उंचवट्यावर असाल तर त्यात भर पडते. मधे डोंगर आडवा आला तर हे गणित कोलमडतं. मध्यम लहरींची लांबी शेकडो मीटर असते (७६५ किलोहर्ट्झची लहर जवळजवळ ३९२ मीटर लांब), त्यामुळे ती जमिनीला धरून चालते आणि छोट्यामोठ्या टेकड्यांना दाद देत नाही.

मोबाईलवर सगळी आकाशवाणी ऐकू येते, मग रेडिओ कशाला?

रेंज असेल तिथे मोबाईलच वापरा. न्यूजऑनएअर ॲपवर देशभरातली केंद्रं ऐकू येतात. पण भीमगडच्या जंगलपट्ट्यात, तिळारीच्या दरीत, लोंढ्याच्या पुढे रेल्वेमार्गाकडेला कित्येक ठिकाणी मोबाईलला रेंज मिळत नाही. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णा, दूधगंगा, वेदगंगेच्या काठच्या गावांना वीज नसली की मोबाईलचा भरवसा किती धरायचा ते कळून चुकलं. दोन सेलवर आठवडाभर चालणारी वस्तू घरात असलेली बरी.

आपल्या भागात मध्यम लहरींवर कोणती केंद्रं शोधायची?

हे आकडे कागदावर लिहून रेडिओच्या पाठीला चिकटवा (सगळे किलोहर्ट्झमध्ये):

धारवाड ७६५, सांगली १२५१, पणजी १२८७, रत्नागिरी ११४३, पुणे ७९२, मुंबई ५५८ आणि १०४४, मुंबई विविध भारती ११८८, बेंगळुरू ६१२.

धारवाड कन्नड आहे आणि दिवसाढवळ्या सर्वांत जोरात तेच लागतं. म्हणून रेडिओ तपासताना कसोटीचं केंद्र म्हणून तेच धरा. मराठीसाठी दिवसा सांगली, आणि कोकणीबरोबर मराठी देणारी पणजी. एफएमवर उत्तरेकडच्या गावांना कोल्हापूर १०२.७ मेगाहर्ट्झ. बेळगाव शहरात केएलईचं सामुदायिक केंद्र वेणुध्वनी ९०.४ वर आहे. सामुदायिक केंद्रांची ताकद मुळातच कमी ठेवलेली असते, तेव्हा ते निपाणीत लागत नाही म्हणून रेडिओला दोष देऊ नका.

एक सूचना. गेल्या काही वर्षांत देशातली बरीच मध्यम लहरींची प्रक्षेपणं बंद झाली किंवा डिजिटल झाली, आणि काही केंद्रं दिवसातून ठरावीक वेळाच चालतात. एका वेळी आकडा रिकामा सापडला म्हणून लगेच खोडू नका. सकाळी सात, दुपारी एक आणि रात्री आठ अशा तीन वेळा लावून बघा.

एका जागी बोलणं नाही, नुसता पाण्याच्या धारेसारखा सलग आवाज येतो. काय बिघडलं?

काहीच नाही. ते डीआरएम, म्हणजे डिजिटल प्रक्षेपण आहे. साध्या रेडिओला ते उलगडत नाही. डीआरएमचे संच महाग आहेत. छंदासाठी पहिला रेडिओ घेताना त्यामागे लागू नये.

दिवसा स्वच्छ लागणारी पणजी रात्री घोगरी होते आणि मुंबई मात्र रात्रीच लागते, असं का?

दिवसा वातावरणाच्या वरच्या भागातला 'डी' थर मध्यम लहरी शोषून घेतो, त्यामुळे फक्त जमिनीवरून सरपटत येणारी लहर आपल्यापर्यंत पोचते. सूर्य मावळला की तो थर विरतो. मग वर गेलेली लहर आणखी उंचावरच्या थरांवर आपटून शेकडो किलोमीटर लांब खाली येते. मुंबई, हैदराबाद (७३८), अहमदाबाद (८४६) रात्री लागतात ते यामुळे.

पणजी आपल्याला सरळ रेषेत शंभरेक किलोमीटरच्या आत आहे. तिथून रात्री जमिनीवरची आणि आकाशातली अशा दोन्ही लहरी येतात. त्यांचा मार्ग वेगळा, म्हणून पोचण्याची वेळही वेगळी. त्या कधी एकमेकींत मिळतात, कधी एकमेकींना खातात. आवाज वरखाली होतो आणि मधेच गुळणी केल्यासारखा येतो. महागडा रेडिओ घेऊनही हे पूर्ण जात नाही. संचाला बँडविड्थ (लावलेल्या आकड्याच्या आजूबाजूचा किती पट्टा आत घ्यायचा ते) बदलायची सोय असेल तर ती अरुंद करा, थोडा फरक पडतो.

एरियल पूर्ण ओढला तरी एमडब्ल्यूवर काही फरक पडत नाही!

पडणारच नाही. दांडीचा एरियल एफएम आणि लघु लहरींसाठी (शॉर्टवेव्ह) असतो. मध्यम लहरी आतला काळा फेराइट रॉड पकडतो. तो रेडिओच्या लांबीला समांतर आडवा बसवलेला असतो आणि त्याला दिशा असते. केंद्र त्याच्या कुशीला असेल तर आवाज पूर्ण येतो, टोकाकडे असेल तर जवळजवळ जातो.

बेळगावातून सांगली उत्तरेला आहे, तर रेडिओचं तोंड किंवा पाठ उत्तरेकडे करा, म्हणजे लांबी पूर्व-पश्चिम. धारवाड आग्नेयेला, पणजी नैर्ऋत्येला. याचा दुसरा उपयोग जास्त मोलाचा आहे: शेजारचं जबर केंद्र किंवा खरखर नकोशी असेल तर रॉडचं टोक नेमकं तिकडे रोखा. ती दबते आणि मागचं अशक्त केंद्र वर येतं.

एफएमसाठी मात्र एरियलची लांबी मोजून ठेवा. १०० मेगाहर्ट्झच्या आसपास ७५ सेंटीमीटर पुरतात. त्याहून लांब ओढून फायदा नाही, उलट दांडी खालच्या पेरात मोडते.

किती पैसे घालावेत? कोणता घ्यावा?

फक्त बातम्या आणि गाणी ऐकायची असतील तर काट्याचा, दोन-तीन बँडचा, ओळखीच्या कंपनीचा साधा संच घ्या. तो हजार-दोन हजारांच्या आसपास मिळतो. स्पीकर किमान ७–८ सेंटीमीटरचा असावा. खिशात मावणाऱ्या संचाचा फेराइट रॉड बोटाएवढाच असतो, आणि रॉड आखूड झाला की मध्यम लहरींची पकड तेवढी कमी होते. म्हणून शिवारात किंवा तंबूत नेण्यासाठी आम्ही हाताच्या पंज्याहून मोठा संच सुचवतो.

छंद म्हणून दूरची केंद्रं शोधायची असतील तर आकडे दाखवणारा डीएसपी संच (चिपवर डिजिटल पद्धतीने केंद्र पकडणारा) हवा. टेकसन पीएल-३१०ईटी नवशिक्यासाठी चांगला: एफएम, मध्यम, लघु लहरी, बँडविड्थ बदलायची सोय, तीन एए सेल. त्याच कंपनीचा पीएल-३३० आणि एक्सएचडेटा डी-८०८ यांत एसएसबी आहे, म्हणजे हॅम मंडळींचं (परवाना घेऊन हौसेने रेडिओवर आपसात बोलणाऱ्यांचं) ७००० ते ७२०० किलोहर्ट्झवरचं बोलणं ऐकता येतं. पीएल-३३० ला जुन्या मोबाईलची बीएल-५सी बॅटरी लागते, जी कुठेही मिळते. डी-८०८ ला १८६५० नावाची गोल लिथियम बॅटरी लागते, ती खात्रीच्या दुकानातूनच घ्यावी. हे संच बहुधा बाहेरून येतात. किमतीवर जकात चढते आणि इकडे दुरुस्ती करणारं कोणी सापडत नाही, हे धरूनच घ्या.

'२१ बँड' वगैरे लिहिलेल्या संचांना भुलू नका. एकाच लघु लहरीचे तुकडे करून आकडा फुगवलेला असतो.

दुकानात कसा तपासायचा?

गणपत गल्ली असो की खडे बाजार, दुकानात एलईडी दिव्यांचा पूर असतो. तिथे एमडब्ल्यूवर खरखरच येणार. स्वतःचे सेल घेऊन जा आणि रेडिओ रस्त्यावर आणून लावा. दिवसा धारवाड ७६५ लावा आणि संच सावकाश गोल फिरवा. पूर्ण फेरीत दोनदा आवाज पडला पाहिजे. अजिबात पडत नसेल तर रॉडची कॉईल तुटली आहे किंवा ती जोडलेलीच नाही.

काट्याच्या संचात काटा एका टोकाहून दुसरीकडे न्या आणि परत आणा. तेच केंद्र दोन वेगळ्या जागी लागत असेल तर काटा ओढणारी दोरी सैल आहे. आवाजाचं चाक हळू फिरवा, कर्रकर्र होता कामा नये. शेवटी सेलचं झाकण पाच-सहा वेळा उघडबंद करा. स्वस्त रेडिओत सगळ्यांत आधी तेच तुटतं.

बाहेरून मागवलेल्या संचावर धारवाड ७६० आणि ७७० दोन्हीकडे लागतं, पण बेसूर. का?

संच अमेरिकेच्या १० किलोहर्ट्झच्या पायरीवर आहे. आपल्याकडे पायरी ९ ची. आपलं प्रत्येक केंद्र ९ ने भागलं जातं: ७६५ म्हणजे ८५ वेळा नऊ, १२५१ म्हणजे १३९ वेळा नऊ. माहितीपुस्तिकेत '९/१० के' शोधा. बहुतेक संचांत रेडिओ बंद असताना एखादं बटण दाबून धरलं की हे बदलतं. बदलल्यावर आधी साठवलेली केंद्रं पुन्हा शोधून साठवावी लागतात.

लघु लहरींवर आता काही उरलं आहे का?

पूर्वीइतकं नाही. बीबीसी हिंदीचं लघु लहरींवरचं प्रसारण जानेवारी २०२० अखेर थांबलं, इतरांनीही हात आखडता घेतला. तरी इंग्रजी, चिनी, अरबी केंद्रं भरपूर लागतात. संध्याकाळी ४९, ४१ आणि ३१ मीटर (साधारण ५९००–६२००, ७२००–७४५० आणि ९४००–९९०० किलोहर्ट्झ), दुपारी १९ आणि १६ मीटर. ४१ मीटरच्या लगेच खाली, ७२०० च्या आत, हॅमचा पट्टा आहे.

पाच-सहा मीटर पातळ वायर झाडावर टाकून मगरक्लिपने एरियलला जोडली की फरक लगेच कळतो. वीस मीटर टाकू नका. स्वस्त संचाचा पहिला टप्पा जबर केंद्रांनी गुदमरतो आणि एकच केंद्र चार ठिकाणी लागायला लागतं.

घरात खरखर, अंगणात स्वच्छ. दोषी कोण?

सेलवर रेडिओ लावा, रिकाम्या आकड्यावर ठेवा आणि मेन स्विच बंद करा. खरखर थांबली तर दोषी तुमच्याच घरात आहे. मग एकेक उपकरण लावत जा. नेहमीचे गुन्हेगार: स्वस्त एलईडी बल्ब, मोबाईलचा चार्जर, इन्व्हर्टर, टीव्हीचा सेट टॉप बॉक्स, सोलरचा चार्ज कंट्रोलर.

शिवारात दुसरीच भानगड असते. दर सेकंदाला 'टक... टक... टक' असं घड्याळासारखं येत असेल तर जवळ कुणीतरी गव्यासाठी नाहीतर डुकरासाठी झटका मशीन (विजेचं कुंपण) लावलं आहे. खानापूर-चंदगड बाजूला हे फार. कुंपणाच्या तारेला गवत किंवा उसाचं पान टेकलं असेल तर ठिणगी पडते आणि आवाज वाढतो. शेतकऱ्याला सांगा, त्याचंही काम होतं, कारण टेकलेल्या ठिकाणी झटकाही वाया जातो.

सांगली फार हळू लागते. घरच्या घरी काही करता येईल?

लूप एरियल बनवा. रेडिओ उघडावा लागत नाही, वायरही जोडावी लागत नाही.

४५ सेंटीमीटर बाजूची चौकट घ्या. लाकडी पट्ट्यांचा क्रॉस किंवा जाड पुठ्ठ्याचं खोकं चालतं, लोखंड नको. तिच्यावर बारीक इन्सुलेटेड तांब्याच्या वायरचे १६ वेढे, एकमेकांपासून ५ मिलिमीटर अंतरावर घाला. ३० मीटर वायर लागते. जुन्या मोडक्या रेडिओतला गँग कंडेन्सर (केंद्र बदलायच्या चाकामागचा फिरता भाग) काढा (भंगारवाल्याकडे सहज सापडतो), त्याचे दोन्ही भाग एकत्र जोडा आणि वायरची दोन टोकं त्याला डाग देऊन (सोल्डर करून) पक्की करा. एक टोक दांड्याकडच्या पायाला, दुसरं उरलेल्या एकत्र केलेल्या पायांना.

रेडिओ लूपच्या मध्याशी असा ठेवा की आतला रॉड चाकाच्या आसासारखा लूपमधून आरपार जाईल. रेडिओवर १२५१ लावा आणि गँग सावकाश फिरवा. एका जागी आवाज एकदम उसळतो. तिथेच थांबा. मग लूप आणि रेडिओ दोन्ही एकत्र फिरवून दिशा साधा. आता लूपची कड सांगलीकडे असावी लागते.

काय चुकतं: प्लॅस्टिकचा छोटा गँग असेल तर त्याची क्षमता कमी असते. मग साधारण ७०० च्या खाली, म्हणजे ५५८ वर लूप लागत नाही. पाच-सहा वेढे वाढवा. आवाज कुठेच उसळला नाही तर वायर मधे तुटली आहे किंवा इनॅमल न खरवडताच डाग दिला आहे. आणि डीएसपी संच गँग फिरवताना मधेच गप्प झाला तर तो आपोआप आवाज आवरतो आहे. लूप थोडा लांब सरकवा.

सेल कोणते वापरायचे आणि किती दिवस जातात?

संच किती मिलिअँपिअर घेतो ते बघा. मध्यम आवाजात लहान संच बहुधा ३० ते ८० घेतात. २००० मिलिअँपिअर-अवरचे रिचार्जेबल एनआयएमएच (NiMH) सेल आणि ५० चा खप धरला तर ४० तास. रोज चार तास ऐकलं तर दहा दिवस. आवाज दुप्पट केलात तर हे गणित सोडून द्या.

यूएसबीने चार्ज होणारे १.५ व्होल्टचे लिथियम एए सेल रेडिओला घेऊ नका. आत व्होल्टेज कमी करणारं सर्किट असतं, ते स्वतःच एमडब्ल्यूवर खरखर पेरतं. पॉवर बँकवर लावून ऐकतानाही हीच तक्रार येते. पॉवर बँकेने चार्ज करा, वायर काढा, मग ऐका.

सेल आत गळले. रेडिओ गेला का?

बहुतेकदा वाचतो. सेल काढा, हाताला रबरी मोजा घाला. अल्कलाइन सेलचा पांढरा क्षार असेल तर कापसाच्या बोळ्याला व्हिनेगर किंवा लिंबाचा रस लावून पुसा. साधा जस्ताचा सेल असेल तर पाण्यात कालवलेला खायचा सोडा. दोन्ही एकदम नको. नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून वाळवा आणि पत्र्यांना बारीक पॉलिशपेपर मारा. पत्रीच्या मागच्या वायरचा डाग हिरवा पडला असेल तर तो नव्याने द्यावा लागतो. वरून स्वच्छ दिसणारा रेडिओ अधूनमधून बंद पडतो तो बहुधा इथेच.

हँडल फिरवून आणि उन्हावर चालणारे रेडिओ कसे?

पुरासाठी ठेवायला ठीक. वरचा सोलरचा तुकडा इतका लहान असतो की पावसाळ्यात त्याच्याकडून अपेक्षा ठेवू नका. मिनिटभर हँडल फिरवलं तर हळू आवाजात काही मिनिटं जातात, आणि हँडलचे प्लॅस्टिकचे दाते लवकर झिजतात. त्यात वेगळे एए सेल घालायची सोय असेल तरच घ्या.

तंबूत नेताना?

रेडिओ झिपच्या पिशवीत, सोबत सिलिका जेलची पुडी, जास्तीचे सेल वेगळ्या पिशवीत, इयरफोन. आंबोली-चोर्ल्याच्या पावसात बाहेरची थंड हवा आणि तंबूतली उबदार वाफ यांनी आत पाणी धरतं. सकाळी पिशवीतून काढल्यावर लगेच लावू नका, थोडा वेळ उघड्यावर ठेवा.

मार्च ते मे वळिवाचे दिवस. एमडब्ल्यूच्या खालच्या टोकाला रिकाम्या जागी रेडिओ ठेवला तर लांबच्या विजेची 'चर्र' आभाळ भरण्याआधीच ऐकू येते. चर्र दाट व्हायला लागली की झाडावरची वायर काढून टाका आणि उंचवट्यावरून खाली या.

अभयारण्यात मुक्कामाला वनखात्याची परवानगी लागते. परवानगी असली तरी तिथे स्पीकर नको.

रेडिओला परवाना लागतो का? आणि वॉकीटॉकीला?

ऐकण्याच्या रेडिओला आता लागत नाही. पोस्टात फी भरायचा जमाना १९८० च्या दशकात संपला. प्रक्षेपण करायचं असेल तर गोष्ट वेगळी. हॅमसाठी परीक्षा आणि परवाना हवाच. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झवरचे कमी ताकदीचे वॉकीटॉकी भारतात विनापरवाना चालतात, पण ऑनलाइन मिळणारे बहुपट्ट्यांचे स्वस्त चिनी संच त्यात बसत नाहीत. ट्रेकला ते घेऊन जाणारे बरेच दिसतात. करू नका.

आवाजाचं चाक फिरवलं की कर्रकर्र होतं.

आत धूळ आणि दमट हवेचा थर बसला आहे. सेल काढून कॉन्टॅक्ट क्लीनरचा एकच फवारा चाकाच्या फटीत मारा आणि वीस-तीस वेळा टोकापासून टोकापर्यंत फिरवा. रॉकेल किंवा खोबरेल घालू नका. दोन दिवस बरं वाटतं, मग धूळ चिकटून चाकच बदलावं लागतं.

रेडिओ पडल्यापासून एफएम ठीक, एमडब्ल्यू बंद.

फेराइट रॉड काचेसारखा ठिसूळ असतो. उघडून बघा. दोन स्वच्छ तुकडे झाले असतील तर इन्स्टंट ग्लूने घट्ट दाबून जोडा. पकड थोडी कमी होते, पण चालतो. रॉड अखंड असेल तर कॉईलच्या केसासारख्या चार-पाच वायरी भिंगातून बघा, एखादी सर्किटजवळ तुटलेली सापडेल. डाग देण्याआधी कॉईल रॉडवर कुठे बसली आहे तिथे पेन्सिलीने खूण करा. ती जरा जरी सरकली तर काट्याच्या संचात खालच्या टोकाची केंद्रं अशक्त होतात.